पान एकोणतीसवरची आई

आईनं चष्मा पदरानं नाही, रुमालानं पुसला,
पान एकोणतीस नाकाजवळ धरलं
आणि विचारलं, "ही कोणाची गं आई?"

म्हटलं, "तूच की."

"मी थोडीच अशी होते?
पहाटे जात्यावर बसलेली,
पिठाच्या हातानं केस मागं सारणारी.
जातं तुझ्या आत्याकडे होतं, उज्जैनला.
आणि पहाटे मी घरात कुठे असायचे?
पहाटे मी खंडव्याला भुसावळ जोडून देत असायचे."

खरं आहे.
पहिली कविता लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं,
आई लिहायची तर आधी चूल पेटवावी लागते.
सगळ्यांनी पेटवली होती.
आमच्या स्नेहलतागंजच्या दोन खोल्यांत चूल नव्हतीच,
वातीचा स्टोव्ह होता
आणि त्याच्यापुढे बापू.

त्या बापूंना मी पान बत्तीसवर
उंबऱ्यात उभं करून ठेवलंय:
अबोल, करडे,
चपला वाजल्या की घर चिडीचूप.
त्यांच्या चपला रबराच्या होत्या,
वाजतच नसत.
पाणीखात्यातून यायचे, सायकल भिंतीला टेकवायचे,
बाह्या दुमडून कणीक भिजवायचे.
पोळी इकडे ओढली की तिकडे आखडायची.
"हा घे रतलाम जिल्हा," म्हणत ताटात टाकायचे,
वर जिरावण भुरभुरवून.
माझ्या वेण्याही तेच घालत.
चौथीच्या वर्गाचा फोटो आहे अजून:
एक वेणी कानावर सुरू होते,
दुसरी मानेवर.
फोटोला कविता करता येत नाही.

आणि एक रात्र आहे,
कुठल्याच पानावर नसलेली.
आईची सलग सहावी रात्रपाळी.
खाली चौरसियांच्या औषधाच्या दुकानात
मी स्टुलावर चढून एक-आठ-शून्य फिरवला.
दुसऱ्याच बाईचा आवाज. ठेवला.
पुन्हा दुसऱ्याच बाईचा.
चौरसिया काका पुड्या बांधत होते, बघत नव्हते,
म्हणजे बघत होते.
चौथ्यांदा ती लागली.

"कहाँ बात करनी है?"
मी म्हटलं, खंडवा.
"किससे?"
मी म्हटलं, आईशी.

तारेत खरखर.
मागे कुणीतरी हॅलो रतलाम, हॅलो रतलाम करत होतं.
मग तीच, गिऱ्हाइकाशी बोलावं तशी:
"लाइन व्यस्त है. अब सो जाइए."

उभ्या जन्मात आईनं मला
तेवढं एकदाच अहो-जाहो केलं.
मी त्या मानात जिना चढले,
बापूंना काही सांगितलं नाही,
झोपले.

सकाळी ती आली, डोळे लाल,
केसांवर हेडफोनच्या पट्टीचा वळ.
तिनंही काही विचारलं नाही.
फक्त माझी वरची वेणी सोडली
आणि खालच्या वेणीच्या रांगेत आणून बसवली.

हे का नाही लिहिलं मी?
एवढ्या लांबून बोलणारी आई
कवितेत शोभेल असं वाटलं नसावं.
किंवा ती रात्र
लिहिली तर माझी एकटीची राहणार नव्हती.
नक्की माहीत नाही.

आता तिचा उजवा कान गेलाय,
तीस वर्षं अख्खा माळवा त्यातूनच बोलला.
मी डाव्या बाजूला जाऊन मोठ्यानं म्हणते,
"पुढच्या आवृत्तीत बदलते सगळं."

"राहू दे," म्हणते. "बरी आहे बिचारी.
एवढ्या पहाटे उठते, तिला कशाला घालवतेस."
मग तीन पानं उलटते,
बोट ओळीवर ठेवते, बराच वेळ काढत नाही.
बापूंना जाऊन अकरा वर्षं झाली.

"यांना मात्र उंबऱ्यातून आत घे.
उभं राहून पाय दुखले असतील."

मग पुस्तकात विजेचं बिल खुणेला घालून
मला चहाचं आधण ठेवायला उठवते.